आवाज गेला तेव्हा

साडेआठच्या मालिकेतला मेजर शौनक
रात्री किंचाळत उठतो.
आधी वीज कडाडते, मग त्याचे डोळे,
तीनदा, तीन बाजूंनी,
मग त्याच्या बायकोचे डोळे, तेही तीनदा.
झोपेतसुद्धा तिची टिकली
जागची हलत नाही.

आमच्याकडे बघायला येतात
विमल शिंपीण, मागच्या गल्लीतली निंबाबाई,
कारण आमचा टीव्ही मोठा,
पेन्शनच्या पहिल्या पैशातला.
निंबाबाई पदर डोळ्याला लावते,
बिचारा, म्हणते, काय भोगलं वं!
आणि मागे दाराशी, भिंतीला पाठ लावून
माझा नवरा शेंगा सोलत असतो.

त्याच्याकडे कुणी वळत नाही.
काय बघणार?
हवालदार राजधर पाटील, सतरा वर्षं नोकरी,
धड हातापायांनी अमळनेरला परत आला,
आता धुळे रोडच्या एटीएमपाशी खुर्चीत बसतो.
नशीबवान, म्हणतात.

तो किंचाळत नाही. तो उठतो,
निजलेली डोकी मोजतो.
पोरगी, पोरगा, सासूबाई, मी.
चार.
पुन्हा मोजतो,
आणि पाचवं शोधत ओट्यावर जातो.
पाचवं कोण, मी विचारत नाही.
एकदाच विचारलं होतं.

आणि भरीत.
पौषात मळ्यावर सगळे भाऊबंद जमतात,
पर्‍हाटीच्या जाळावर हिरवी वांगी पडतात,
साल तडकतं, काळं होतं, आतून पाणी सुटतं.
त्या वासावर अख्खा खान्देश जीव टाकतो.
त्या वासाला तो उठला,
हातातली कळण्याची भाकर तशीच ठेवून
विहिरीपलीकडे जाऊन ओकला,
चूळ भरून परत आला,
म्हणाला, पित्त झालं.
दीर म्हणाले, मिलिटरीची बाधली वाटतं.
त्यांना हसून दाखवलं त्याने.
तेव्हापासून मी वांगी उकडून घेते.
सासूबाई म्हणतात, हाई काय भरीत शे?

मेजर शौनक बरा होणार होता
रविवारी, दोन तासांच्या महाभागात.
बायको देवीपुढे दिवा लावणार, वादळ येणार,
दिवा विझणार नाही,
तो तिच्या मांडीवर रडणार,
आणि सोमवारपासून त्या घरात दुसरंच काही,
बहुतेक जावेच्या दागिन्यांचं.

दिवा लागला. वादळ आलं.
आणि आवाज गेला.

आवाज गया वं, निंबाबाई ओरडली, डब्याले टपली मार!
विमलने वायर हलवली,
पोरगा छत्री फिरवायला धाब्यावर पळाला,
मी रिमोटचे सेल काढून दातांनी चावले.
पडद्यावर तो माणूस
तोंड उघडत होता, मिटत होता.
गडगडाट नाही, व्हायोलिन नाही,
नुसता एक माणूस, काहीतरी सांगतोय,
आणि बायको भलतीकडेच बघतेय, दिव्याकडे.

मागे शेंगा फुटायच्या थांबल्या.
"र्‍हाऊ दे," राजधर म्हणाला.
"आते बरोबर शे."

आवाज आला तो साबणाच्या जाहिरातीत.
तोवर तो कडी बघायला गेला होता.

आता साडेआठला आमच्याकडे कुणी येत नाही.
मी आवाज बंद करूनच लावते,
बायका म्हणतात, येडी झाली.
तो अजून दाराशीच बसतो.
शौनकचे ओठ हलताना एखादेवेळी बोलतो,
बूट असे बांधत नाहीत, म्हणतो,
किंवा, मानेखालची उशी भिजते, हे दाखवत नाहीत.
काल म्हणाला, गोकुळ.
एवढंच.
मी टोपलं पुढे ओढलं, शेंगा सोलत राहिले.

रात्री तो उठला. मोजलं.
चारावर थांबला.
मी अंधारातच म्हटलं, गोकुळ.
तो ओट्यावर गेलाच,
पण दार उघडं ठेवून गेला.